तापल्या पाण्यावरची सुपारी

आमच्या भिकाजीबुवांचे हट्ट दोनच. कीर्तन उभ्यानेच करायचे आणि उत्तररंगापूर्वी सुपारी घातलेला विडा हवा. त्या वर्षी दत्तजयंती पंधरा दिवसांवर आली आणि त्यांचा उजवा गुडघा आखडला. साखळी गावच्या डॉक्टरांनी सांगितले, रोज अर्धा तास छातीभर कोमट पाण्यात चाला, नाहीतर बसून कीर्तन करा.

"बसून पोथी वाचतात," बुवा म्हणाले. "नारदाला कोणी पाट मांडल्याचं ऐकलंय?"

मग मीच त्यांना गोकुळदासच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, नेले. पर्यटकांसाठी त्याने तिथे तरणतलाव बांधला होता. माडा-पोफळींच्या सावलीत पाणी गारठे, म्हणून पोफळींची एक रांग तोडून शेडच्या छपरावर काळ्या नळ्या अंथरल्या होत्या. पंप पाणी वर चढवी, ते उन्हाने तापून खाली येई. सूर्यनारायणाकडून एवढे काम करून घेणारा गोकुळदास मला पुण्यवानच वाटला.

बुवा काचा मारून पाण्यात उतरले आणि त्यांच्या तोंडून "दिगंबरा" असे निघाले, की तो स्वर मी कीर्तनातही ऐकला नव्हता. पाणी थंडगार होते.

"गेल्या आठवड्यात कोमट होतं," गोकुळदास ओशाळून म्हणाला. त्याने पंप उघडून पाहिला, त्यात काही बिघाड नव्हता. तीन दिवस तेच.

"गोकुळदास, तुझा सूर्य सरकारी नोकरीत लागला काय रे?" बुवा कुडकुडत म्हणाले.

चौथ्या दिवशी मी शिडी लावून छपरावर चढलो. काळ्या नळ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या, अगदी एकसारख्या पसरून. गोकुळदासची सरस्वतीमावशी शिडीखाली येऊन उभी राहिली.

"कुळागरात ऊन त्या एकाच जाग्यार पडता," ती म्हणाली. "मग सुकत घालू खंय?"

"पण मावशी, बुवांचा गुडघा..."

"आणि ती सुपारी कोणासाठी? दरवर्षी निवडलेली पयली सुपारी बुवांच्या विड्याक जाता."

छातीभर पाण्यात बुवा थबकले. "जुनी उरली नाही?"

"ती तुम्हीच चवथीच्या कीर्तनात संपवलीत."

तीस वर्षे आम्हाला वैराग्य शिकवणारे बुवा त्या गार पाण्यात आणखी दोन फेऱ्या चालले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ ती."

दुसऱ्या दिवसापासून पाणी कोमट झाले. दत्तजयंतीला बुवा पूर्वरंगापासून पाळण्यापर्यंत उभे राहिले. विषय त्यागाचा होता. मध्ये विडा आला, नुसता पान-चुन्याचा. त्यांनी तो हातात घेऊन जरा उलटापालटा केला. पहिल्याच रांगेत बसलेल्या सरस्वतीमावशीने पदर तोंडाला लावला. बुवांनी झटकन डोळे मिटले आणि अभंग एक पट्टी वर उचलला.