कोरडी तोटी

मी एक जुना फ्लास्क आहे, मित्रांनो. नाशिकच्या एका कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहतो. गोल पोट, बगलेत एक नळी आणि त्या नळीला काचेची तोटी, अशी माझी ठेवण. सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात ललितभाऊंनी ज्योतीवर फुंकून मला घडवलं. तोटी फिरवून बघत ते म्हणाले होते, "हवा आत जायला नको, बाकी काही झालं तरी चालंल."

तेच माझं काम झालं. निफाडची शुभांगी इथे पीएचडी करते. ती माझ्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन एकमेकांना जोडते. त्यातून होणाऱ्या रेणूला लिगँड म्हणतात. तो धातूच्या अणूला घट्ट धरून ठेवतो. पण हा फॉस्फरस भारी हावरट. जरा हवा लागली की ऑक्सिजन घेऊन मोकळा, मग धातूला धरणार कोण? म्हणून माझ्यात हवेऐवजी नायट्रोजन वायू भरतात आणि तोटीला ग्रीस लावून फट बुजवतात. उन्हाळ्यात शुभांगीला लिगँड पहिल्यांदा साधला. नमुना तपासणीला पुण्याला गेला, तिकडून आलेख आला. फॉस्फरसचं शिखर बरोबर जागेवर होतं, म्हणजे लिगँड नीट झाला होता. तिने तो माझ्या कपाटावरच चिकटवला. मी फुगून गेलो होतो.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या उपकरणांची पूजा असते. प्रयोगशाळेतल्या मदतनीस कुसाबाई मला बघून म्हणाल्या, "शुभांगीताई, याची तोटी लय चिकट झालीय. देवापुढं अशी नाय ठेवायची." शुभांगीने मला असं पुसलं की ग्रीसचा मागमूस उरला नाही. हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. मी लखलखत होतो आणि मनातून धास्तावलो होतो. सुट्टीनंतर तिने मला तसाच कामाला लावला.

तोटीतून हवा येत राहिली. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. आलेखात शिखर भलत्याच जागी आलं. सगळ्या लिगँडने ऑक्सिजन घेतला होता. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिच्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम नवे आलेख जुन्याशेजारी ठेवून बराच वेळ बसल्या.

"शुभांगी, एक विचारू? उन्हाळ्यातला आलेख तुझ्याच नमुन्याचा होता ना?"

"हो, मॅडम," एवढंच ती म्हणाली.

बेसिनपाशी तिने मला धुवायला घेतलं. तोटी फिरवली तशी काचेवर काच करकरली. ती मला तशीच मॅडमकडे घेऊन गेली.

"मॅडम, ही कोरडी हे. पूजेला मीच पुसली. परत ग्रीस लावलंच नाय."

मॅडमनी स्वतः तोटी फिरवून पाहिली. ग्रीस लावून प्रयोग पुन्हा झाला आणि शिखर जागेवर आलं. मॅडमनी पेढे आणले, "मनावर घेऊ नकोस गं," असंही म्हणाल्या. शुभांगीने मान हलवली. पण हल्ली नमुना भरताना ती कुसाबाईंना हाक मारते. "मावशी, जरा इथं उभ्या राहा. मी काय भरते ते बघा." मला ते बघवत नाही.

मित्रांनो, आम्हाला स्वच्छ ठेवा, ग्रीस लावा, जपून वापरा. आणि काही बिघडलं तर आधी आम्हाला तपासा. आमच्यावर हवा तेवढा संशय घ्या, आम्ही धुतलो की झालं. शुभांगीला मात्र तो प्रश्न अजून ऐकू येतो.