भामाबाईच्या खिळ्यावरचा फोन

भरतेश आण्णांनी मोबाईल घेतला त्या आठवड्यात सांगलीच्या मार्केट यार्डात दुसरा विषय नव्हता. साल अठ्ठ्याण्णव. बेदाण्याच्या पेठेतला तो पहिलाच मोबाईल. तो वाजला की आण्णा आधी आजूबाजूला किती माणसं बघतायत ते बघायचे आणि मगच उचलायचे. त्यांचा दिवाणजी मिलिंद मान खाली घालून हसायचा. मान खाली घालून, कारण पगार आण्णाच द्यायचे.

मोबाईलला एक खोड होती. सौदे चालत त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला रेंज मिळत नसे. ती मिळायची बाहेर, भामाबाईच्या चहाच्या गाड्याशेजारच्या खांबापाशी. म्हणून सौदा सुरू झाला की आण्णा मोबाईल खांबाच्या खिळ्याला छत्रीसारखा अडकवायचे, "वाजला तर हाक मारा," असं भामाबाईला बजावायचे आणि निर्धास्त आत जायचे.

आणि आत हेच आण्णा म्हणजे बंद तिजोरी. भाव तोंडानं बोलायचा नाही ही पेठेची रीत. अडत्या टॉवेल पसरायचा, एकेका व्यापाऱ्यानं त्याखाली हात घालून अडत्याची बोटं दाबायची, आणि ज्याचा भाव चढा त्याचा माल. शेजारच्याला अंदाज येऊ नये म्हणून आण्णा तेवढा वेळ दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करायचे.

तरीही त्या हंगामात प्रत्येक चांगला माल समोरच्या गाळ्यातला मदनशेट उचलू लागला, आणि तोही आण्णांपेक्षा केसभरच जास्त भाव देऊन. आण्णा ज्याच्यासाठी माल घ्यायचे तो इंदूरचा शेठ कुठल्या भावापर्यंत घ्यायला तयार आहे, हे त्याला आधीच ठाऊक असावं तसं. तो भाव माहीत असणारी माणसं दोनच, आण्णा आणि मिलिंद.

"घरातलाच उंदीर पोतं कुरतडतोय," आण्णा एक दिवस म्हणाले. "शनवारी दुकानाची किल्ली आणून दे. मग येऊ नगंस."

मिलिंदनं हातातली वही मिटली. नोकरी गेली तर दुसरी मिळते, पण चोर म्हणून काढलेल्या दिवाणजीला पेठेत कोण दारात उभं करणार? त्याला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. "मी कुणाला सांगिटलं न्हाई, आण्णा," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा जेवायला गेलेले असताना दुकानातला फोन वाजला. इंदूरचा शेठ होता. रात्री ठरलेला भाव सकाळी सौद्याच्या वेळी भरतेशजींना मोबाईलवर पुन्हा पक्का करून सांगितला होता, माल घेतला की नाही, असं विचारत होता. मिलिंद चक्रावला. सौद्याच्या वेळी तर आण्णा शेडमध्ये टॉवेलाखाली हात घालून बसले होते आणि तो स्वतः त्यांच्या मागं उभा होता. मग शेठ बोलला कुणाशी?

तो तडक भामाबाईकडं गेला.

"सकाळी मोबाईल वाजला व्हता?"

"व्हय की. मी उठणार तवर मदनशेट म्हनले, तुमी कशाला पळताय, मी देतो निरोप. रोजच देत्यात. लय गुणाचा मानूस."

शुक्रवारी सौद्याला थोडा वेळ होता. आण्णांनी मोबाईल नुकताच खिळ्याला अडकवला होता. मिलिंद म्हणाला, "आण्णा, उद्यापास्नं मी न्हाईच. आज माझं एक ऐका." तो त्यांना यार्डाच्या फाटकाजवळच्या एसटीडी बूथवर घेऊन गेला. बूथ त्याच्या बायकोचा, आम्रपालीचा. तिनं दोघांना काचेच्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. मिलिंदनं आण्णांचाच नंबर फिरवला आणि रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मधोमध धरला.

काचेतून भामाबाईचा गाडा स्पष्ट दिसत होता. मदनशेटनं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या, खिळ्यावरचा मोबाईल काढला आणि खांबामागं गेला.

"हां, भरतेश बोलतोय," रिसीव्हरमधून आवाज आला. "बोला शेठ."

आण्णांनी आ वासला. आपण इथं उभे आणि आपण तिथंही बोलतोय, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग ते लालबुंद झाले. शिवी तोंडातून निघणार इतक्यात मिलिंदनं रिसीव्हरवर हात ठेवला. आण्णांनी शिवी गिळली, आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यात वेगळीच चमक आली. व्यापारी जागा झाला होता.

"तुझं हिंदी बरं हाय," ते कुजबुजले. "सांग त्याला, काळा माल पायजे म्हणून."

काळा माल म्हणजे अवकाळी पावसात भिजून काळवंडलेला बेदाणा. पेठेत त्याला कुत्रं विचारत नव्हतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा ढीग आण्णांच्याच गोदामात होता. मिलिंदनं नाक चिमटीत धरलं आणि तो इंदूरचा शेठ झाला. "भरतेशजी, हरा माल छोड़ दो. काला उठाओ, जितना मिले."

त्या दिवशी मदनशेटनं टॉवेलाखाली अडत्याची बोटं इतकी जोरात दाबली की अडत्या कळवळला. यार्डातला झाडून सगळा काळा माल त्याच्या गाळ्यात गेला, आण्णांनी सौद्याला काढलेला तर सगळ्यात आधी. आण्णा शेवटपर्यंत दाढ दुखत असल्याचा चेहरा करून बसले होते. मिलिंदला मात्र हसू आवरेना, म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

शनिवारी तो किल्ली घेऊन आला. आण्णा गादीवर मोबाईल चाळत बसले होते.

"ह्याला आकड्याचं कुलूप असतंय म्हनं."

"असतंय. पर कुलूप लावलं तरी वाजलेला फोन कुणीबी उचलतो, आण्णा. खिळा पयला बंद करा."

"खिळा बंद. सौद्याला मी आत, फोन घिऊन तू भाईर." आण्णांनी इकडंतिकडं पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पसरला. "हात आन."

मिलिंदला क्षणभर कळलंच नाही. मग त्यानं हात घातला आणि आण्णांनी एकेक करून चार आकडे त्याच्या बोटांवर दाबले. 'चुकलं माझं' हे शब्द आण्णांच्या तोंडून जन्मात निघाले नसते. मिलिंदला ते कळलं, पण तो दिवाणजी होता.

"आण्णा, ह्यो तर आपल्या पाटीवरच्या फोन नंबराचा शेवट. मदनशेट चहा निवायच्या आत उघडंल."

"मग तू सांग."

मिलिंदनं आकडे दाबले. आण्णांनी मान हलवून शेवटचा बदलला. मिलिंदनं पहिला बदलला. चहा घेऊन आलेली भामाबाई दारातच थबकली.

"दुकानात मालाचा दाणा न्हाई, आन ह्यो कसला सौदा?"

"गप ऱ्हा जरा," आण्णा म्हणाले. त्यांनी मिलिंदचा अख्खा हात एकदा घट्ट धरला, मगच टॉवेल उचलला. "पटला. सोमवारी येळंवर ये."

मिलिंदनं परत द्यायला आणलेली किल्ली खिशात टाकली आणि चहा घेतला.