सदतिसावा सेल

माझे धाकटे दीर आमच्या कंपनीचे साहेब. हायड्रोजनपासून वीज कशी होते यावर ते तासभर बोलू शकतात आणि दुर्दैवाने बोलतातही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणं म्हणजे काय ते मी रोज ऑफिसात पाहत होते.

परवा आमचं वीजयंत्र बसवलेल्या हॉस्पिटलच्या सभागृहात, विश्वस्तांसमोर, त्यांनी खिशातून काड्यापेटीएवढा सेल काढला. एका बाजूला हायड्रोजन, दुसरीकडे हवा, मध्ये पातळ पडदा. हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन तारेतून जातात, उरलेलं पडद्यातून पलीकडे जातं, आणि तिथे हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की पाणी. एवढं साहेबांनाही येतं. सेलवर इवलासा पंखा फिरला आणि विश्वस्त हरखले.

"हेच शंभर सेल तळघरात आहेत. शंभरपट वीज. साधा गुणाकार!"

गुणाकार म्हणे! एक सेल पाऊण व्होल्टही देत नाही, म्हणून ते एकाला एक लावून घट्ट आवळायचे. सगळ्यांतून करंट एकच जातो. एक जरी लेचापेचा निघाला तरी उरलेल्या नव्व्याण्णवांचा काही उपयोग नाही. मी केलेल्या चाचणीत आमचा सदतिसावा तसा निघाला होता. थोड्या लोडवर गुणी बाळ, पूर्ण लोड दिला की मान टाकायचा.

सकाळीच मी सांगितलं होतं. "भाऊजी, यंत्र उघडून तो सेल बदलायला हवा. चार दिवस द्या."

"सरासरी उत्तम आहे ना, वहिनी? मग एका सेलचं काय घेऊन बसलात? आज सभागृहातले दहा दिवेच तर लावायचेत."

दिवे दहाच होते, कबूल. पण मंगळवारी केबल बदलायला दोन तास बाहेरची वीज बंद राहणार होती, आणि तिसऱ्या मजल्यावरची श्वासाची यंत्रं याच सरासरीवर चालणार होती. त्यातल्या एकावर माझ्या सासूबाई होत्या. म्हणजे या शहाण्याची सख्खी आई.

भाषण रंगात आलं तशी मी तळघरात उतरले आणि पूर्ण लोड पडावा म्हणून चाचणीचे सगळे हीटर एकदम जोडले. सदतिसावा कोसळला, यंत्राने स्वतःला बंद केलं, वर सभागृहात अंधार. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला! एका डॉक्टरीणबाईंना तेवढी अक्कल होती. मी वर आले तेव्हा त्या विचारत होत्या, "मंगळवारीही असंच होणार का?"

मी म्हटलं, "होणार." मंगळवारचं काम तिथल्या तिथे पुढे ढकललं गेलं.

जिन्यात भाऊजींनी मला गाठलं. "उद्यापासून येऊ नका." अकरा वर्षांची नोकरी गेली. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर नाही.

तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. बातमी माझ्याआधी पोचली होती. सासूबाईंनी मास्क बाजूला केला. बोलताना त्यांना धाप लागत होती.

"चार लोकांत माझ्या लेकाची फजिती करायची काय गरज होती? दोन तासच होते ना? काढले असते मी."

"नसते काढले, आई," मी म्हटलं आणि मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.