शिवण बाहेरून

अण्णांनी तोंडातली शेवटची टाचणी काढून खुर्चीच्या डाव्या हातावरच्या कापडात खोचली आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. राखाडी चौकड्यांचं कापड अंगासरशी बसलं होतं. जोडाच्या कडा सगळीकडे बोटभर बाहेर राहिल्या होत्या, सांगितलं होतं तशाच.

"टाचण्या तोंडात धरू नका म्हणून किती वेळा सांगायचं," पलंगावरून शिवणबाई म्हणाल्या. "एखादी पोटात गेली तर मला ती हुडकता यायची नाही."

शिवणबाई म्हणजे अण्णांची बायको. गल्लीने चाळीस वर्षांपूर्वी ठेवलेलं हे नाव इतकं मुरलं होतं, की त्यांचं खरं नाव पोस्टमनलाच काय ते ठाऊक. गेल्या वर्षीच्या आजारात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पाय थोडाफार सुधारला, हात नाही. तेव्हा अण्णांनी या खुर्चीच्या डाव्या हातावर एक रुंद फळी ठोकली, वर स्पंज बांधला. त्या फळीवर डावा तळवा रेटला की शिवणबाई आपल्या आपण उभ्या राहत. कुणाला हाक मारावी लागत नसे.

पण खुर्ची दिसायची मात्र अपघातातून उठल्यासारखी. सुनेने मागच्या रविवारी विषय काढला होता.

"आई, येत्या रविवारी आमच्या मुख्याध्यापिका पहिल्यांदा घरी येतायत. तोवर हिला काहीतरी अंगभर घाला, नाहीतर माळ्यावर टाकू. दुकानात एक चांगली खुर्ची बघून ठेवलीय मी."

"तिच्यावरून उठता येतं?" अण्णांनी विचारलं.

"मी आहे ना हात द्यायला."

ती वाईट मनाने बोलली नव्हती. अण्णा हळूच म्हणाले, "मी शिवतो खोळ."

सून हसली. शिवणबाई हसल्या नाहीत. अण्णांनी जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधली होती. सुई-दोरा त्यांना परका नव्हता, पण शिवणबाईंच्या लेखी ती शिवण नव्हतीच.

"पुठ्ठा शिवणं वेगळं. पुठ्ठा पळत नाही," त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीनवरचं झाकण काढायला लावलं.

दोन दिवस अण्णांना कापड मिळालंच नाही. वहीच्या आखलेल्या पानांवर, दोरा न ओवता, ओळीवरून सुई चालवायची. पाय पुढे गेला की चाक मागे फिरे, चाक जमलं की ओळ सुटे. "ओळीवर राहा. रस्ता सोडून शेतात कुठं निघालात?" शिवणबाई पलंगावरून म्हणत. तिसऱ्या दिवशी पूर्ण पानभर भोकं ओळीवर पडली. अण्णांनी ते पान घडी घालून खिशात ठेवलं. शिवणबाईंनी ते पाहिलं आणि कापड काढायला सांगितलं.

शनिवारी दुपारी खोळ शिवून झाली. टाचण्या काढल्या, दोरे कापले आणि जोड आत जावेत म्हणून अण्णांनी खोळ उलटवली. खुर्चीवर चढवली.

डाव्या हाताला ती चढेना. उजव्या हातावर मात्र पिशवीसारखी लोंबत राहिली.

अण्णांनी पुन्हा काढून पुन्हा घातली. टेप घेतली, मापं ताडली. सगळी बरोबर. कानाची पाळी लाल झाली तशी त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"माझंच काहीतरी चुकलं असणार."

शिवणबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात आळीपाळीने पाहिले.

"तुमचं नाही," त्या म्हणाल्या. "उलटवल्यावर डावं उजवीकडे जाणारच. जन्मभर दोन्ही हात सारखे असलेल्या खुर्च्यांना खोळी घातल्या मी. ही एका हाताने जाड आहे, हे ध्यानातच राहिलं नाही. मी शिकवलं तसंच केलंत तुम्ही."

चाळीस वर्षांत चूक माझी, असं त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या. अण्णांना ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. कापड उरलं नव्हतं. सगळं उसवून पुन्हा जोडायचं तर त्यांच्या हाताला चार दिवस लागले असते.

त्यांनी खोळ पुन्हा पहिल्यासारखी केली आणि चढवली. झक्क बसली. चौकड्या विणलेल्या, छापलेल्या नव्हेत, म्हणून कापड दोन्ही बाजूंनी सारखं. फक्त जोडाच्या कडा बाहेर आल्या होत्या, दशा सुटलेल्या.

"अशीच राहू दे," अण्णा म्हणाले.

"शिवण बाहेर ठेवून? माझ्या घरात?"

अण्णा आतल्या खोलीत गेले आणि ट्रंकेतून पुस्तकबांधणीच्या कापडाची गुंडाळी घेऊन आले. गडद किरमिजी. त्यातली एक पट्टी त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच्या कडेवर दुमडून धरली, पुस्तकाच्या कण्यावर धरावी तशी.

शिवणबाईंनी मान तिरकी केली. "जरा वर घ्या. हं." मग म्हणाल्या, "खळीने चिकटवाल. शिवायची आहे."

रविवारी सकाळी नाश्ता थंड होईपर्यंत मशीन चालू होतं. सून दोनदा दारात येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा खुर्ची खिडकीशी उभी होती, राखाडी अंगावर किरमिजी रेघा ओढलेली. तिने कडेवरून बोट फिरवलं.

"बाबा, ही इथेच राहू द्या, समोर," एवढंच ती म्हणाली आणि दुकानदाराला फोन करायला आत गेली.

संध्याकाळी मुख्याध्यापिका आल्या. अण्णा पाण्याचे पेले भरायला स्वयंपाकघरात गेले ते तिथेच रेंगाळले. नव्या माणसांसमोर त्यांना नेहमीच काय बोलावं कळत नसे. ट्रे घेऊन दारापर्यंत आले, तेव्हा बाहेरचं बोलणं ऐकू आलं.

"ही खोळ फार वेगळी आहे हो. कुठून घेतलीत?"

सून काही बोलायच्या आत शिवणबाई म्हणाल्या, "घरीच शिवलीय. आमच्याकडे एक कारागीर आहे."

"माझ्याकडे दोन खुर्च्या आहेत अशा. करतील का ते?"

"करतील. पण घाई करायची नाही. माणूस नवीन आहे."

"नवीन?"

"नवीन आहे. हात मात्र सरळ चालतो."

"मग बोलवा ना, भेटते मी त्यांना."

"लाजाळू आहे तो," शिवणबाई म्हणाल्या. "मापं तुम्ही माझ्याकडे द्या."

अण्णांनी ट्रे परत ओट्यावर ठेवला आणि खिशातलं ते भोकांचं पान उघडून पाहिलं. त्याची घडी पुन्हा नीट घालून होईपर्यंत ते दाराआडच उभे राहिले.