एक्केचाळीस ठिकाणी बदल केला

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत कोणाचंही नाव येणार नाही. मी विसराळू आहे म्हणून नाही, शब्द दिलाय म्हणून. कोणाला ते कळेलच.

माझी आत्या पुस्तकं जुळवते. लोक हाताने लिहिलेले कागद आणतात, ती ते टाइप करते, पानं लावते आणि छापखान्यात पाठवते. तिची दुसऱ्या मजल्यावर एकच खोली आहे. तिथे एक कॉम्प्युटर आहे, एक प्रिंटर आहे जो रोज दोन कागद चावल्याशिवाय कामाला लागत नाही, आणि एक खुर्ची आहे जिचं एक चाक माझ्या जन्माआधीच निघून गेलंय. शाळा सुटली की मी तिथे जाते. पूर्वी अभ्यासाला जायचे. या वर्षी शाळेत 'शोधा आणि बदला' शिकले, तेव्हापासून मदतीला जाते. मला तर वाटायला लागलं होतं की जगातल्या निम्म्या अडचणी शोधून बदलता येतील आणि उरलेल्या शोधून पुसता येतील.

"त्या उरलेल्यांत पहिली तू," आत्या म्हणाली.

आत्याची एक खोड आहे. माणसाचं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ती साधी मोकळी जागा सोडत नाही. तीन बटणं एकदम दाबून एक वेगळी जागा टाकते. दिसायला अगदी साधीच, पण ओळ संपली तरी ती तुटत नाही, दोन्ही शब्द एकत्रच खालच्या ओळीत जातात. आत्या तिला 'चिकट जागा' म्हणते.

"जी गोष्ट दिसतच नाही तिच्यासाठी तीन बटणं?" मी हसले होते.

"नाव वरच्या ओळीत आणि आडनाव खालच्या ओळीत गेलं की माणसाचे दोन तुकडे होतात. माझ्या पुस्तकात कोणाचे तुकडे होत नाहीत."

मी मैत्रिणीला सांगितलं, आमची आत्या हवेत गोंद लावते.

आता मेट्रनबाई. चौतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलचे वॉर्ड धाकात ठेवले. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी त्यांना बघून माणूस आपोआप बाह्या खाली करतो, इंजेक्शनच्या भीतीने. त्यांनी वॉर्डातल्या आठवणी लिहिल्या. अक्षर डॉक्टरांच्या संगतीत बिघडलेलं. आत्या आठ महिने ते उलगडत होती.

त्या गुरुवारी आत्याला अक्कलदाढ काढायला जायचं होतं. शाळेला सुट्टी होती, मी सकाळीच पोचले तर टेबलावर चिठ्ठी: 'मेट्रनबाई चारला येणार. फाईल साफ कर. टॅब, जादा जागा, मोडलेल्या ओळी. बाकी कशालाही हात लावू नकोस.'

बाकी म्हणजे प्रिंटर आणि कपाट, असं मी समजले. खरंच.

फाईलची अवस्था वाईट होती. आत्याने जुन्या प्रोग्राममधून नव्यात आणली होती, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर लागलेला. मी बाह्या सरसावल्या. आधी जिथे दोन एंटर लागून आहेत, म्हणजे खरा परिच्छेद आहे, तिथे तीन फुल्या ठेवल्या. मग उरलेल्या एकट्या एंटरच्या जागी साधी जागा. मग फुल्यांच्या जागी पुन्हा परिच्छेद. तुटक्या ओळी सरसर जुळल्या! मग टॅब गेले. मग दोन-दोन जागांची एक-एक केली. दरवेळी पडद्यावर आकडा यायचा, इतक्या हजार ठिकाणी बदल केला, आणि मला प्रत्येक आकडा टाळ्यांसारखा ऐकू यायचा.

आणि मग मला ते दिसलं. @. ईमेलमधलं ते वेटोळं, आठवणींच्या पुस्तकात, मध्येच, शब्दांना चिकटून! म्हटलं, हाही जुन्या प्रोग्रामचाच कचरा. शोधा: @. बदला: काहीच नाही. सगळीकडे.

'एक्केचाळीस ठिकाणी बदल केला.'

मी पडद्याचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. खाली लिहिलं, 'आत्याच्या नजरेतून सुटलेले.' फाईल सेव्ह केली, बंद केली. पाच प्रती छापल्या, मेट्रनबाईंच्या पाच जुन्या सहकारी नर्सना वाचायला द्यायच्या होत्या म्हणून. आणि स्वच्छतेचा झटका आला होता ना, म्हणून कॉम्प्युटरच्या कचरापेटीतल्या जुन्या प्रतीही कायमच्या पुसल्या. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा झाला.

चार वाजता मेट्रनबाई आल्या. मागोमाग आत्या, गालाचा फुगा झालेला, तोंडात कापसाचा बोळा. मी प्रत पुढे केली. मेट्रनबाईंनी भिंग काढलं. त्यांच्या डोळ्यांचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. भिंग खाली ठेवलं.

"खुणा कुठे आहेत?"

"कसल्या खुणा?"

"नावांच्या आधीच्या. पेशंटच्या नावांच्या."

आत्याने माझ्याकडे बघितलं. कापसामुळे तिला ओरडता येत नव्हतं, म्हणून सगळं ओरडणं डोळ्यांतून आलं.

मग मला कळलं. मेट्रनबाईंनी लिहिताना पेशंटची खरी नावं लिहिली होती, प्रत्येकाचं एकदाच, पुढे नुसतं 'तो' किंवा 'ती'. "खोटं नाव लिहिलं की खरी गोष्ट आठवत नाही," असं त्यांचं म्हणणं. छापायच्या आधी ती बदलायची, असं ठरलं होतं. म्हणून आत्या प्रत्येक पेशंटच्या नावाआधी @ टाकत गेली होती, आणि बदललेली नावं सांगायलाच मेट्रनबाई आज आल्या होत्या. मी ते सगळे पहारेकरी एका फटक्यात हाकलून दिले होते. आता पेशंट, डॉक्टर, नर्स, सगळी नावं एकसारखी, पाच प्रतींत, स्पायरल लावून.

"कोणी दारूच्या नशेत पडलेलं, कोणी घरात मार खाऊन आलेली, कोणी गुपचूप बाळंत झालेली," मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चौतीस वर्षं वॉर्डातलं वॉर्डात ठेवलं. एक जरी नाव सुटलं तरी माझा शब्द गेला. साडेतीनशे पानं पुन्हा वाचायला मला डोळे नाहीत. राहू दे. पुस्तकच नको."

त्यांनी हस्तलिखिताची पिशवी उचलली. आत्या नुसती "म्म! म्म!" करत दारात आडवी उभी राहिली. तिचे आठ महिने त्या पिशवीत होते.

माझी दातखीळ बसली होती. खोलीत तिघीजणी, आणि बोलू शकणारी एकच, तीही निघालेली.

मी आत्याच्या फुगलेल्या गालाकडे बघत होते आणि डोक्यात उगाच घुमलं: माझ्या पुस्तकात कोणाचे तुकडे होत नाहीत.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की प्रिंटरने एक कागद बाहेर टाकला. "चिकट जागा!"

"ही काय बरळतेय?" मेट्रनबाईंनी आत्याला विचारलं.

"मी साध्या जागा बदलल्या. चिकट जागा कॉम्प्युटरच्या लेखी वेगळं चिन्ह आहे, ती मी शोधलीच नव्हती! म्हणजे नाव-आडनाव जिथे जिथे आहे तिथे तिथे ती अजून असणार." मी खुर्चीत बसले, खुर्ची नेहमीसारखी कलंडली, मी तशीच तिरकी टाइप करत राहिले. शोधण्याच्या खिडकीत विशेष चिन्हांची यादी असते. त्यातून ती जागा निवडली. शोधा.

त्रेसष्ट.

आत्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. लाडाचा होता. बहुतेक.

"यात डॉक्टर आणि नर्सही असतील," मी म्हणाले. "मी एकेक नाव वाचते. तुम्ही फक्त सांगा, कोण झाकायचं."

मेट्रनबाईंनी पिशवी खाली ठेवली, पण हात पट्ट्यातच. "वाच."

मी वाचायला लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "आपली." "आपला." "झाक." "हा आपला, पण झाकण्यासारखाच होता. राहू दे." "झाक. तिचं नाव 'बागेतली बाई' कर, तिला फुलं आवडायची." प्रत्येकाला त्या काहीतरी नवं देत गेल्या, शिंपी, वरच्या मजल्यावरची, तीन मफलरवाला. एकाही खऱ्या नावावर त्या अडखळल्या नाहीत. एकेकाची खाट कितवी तेसुद्धा सांगत होत्या. तासाभरात यादी संपली. तेवीस आपले. झाकलेले चाळीस.

"झालं?" मेट्रनबाई पट्टा सोडत म्हणाल्या.

मला तेव्हा हो म्हणता आलं असतं. कोणाला कळलं असतं? पण मोबाइलमध्ये माझीच फुशारकी बसली होती. मी फोटो उघडून दाखवला.

"नाही. मी एक्केचाळीस पुसले होते. एक अजून उघडा आहे."

मेट्रनबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कोण?"

"ज्याच्या नावात चिकट जागा नाही असा. म्हणजे ज्याला आडनावच लावलेलं नाही."

इतक्यात आत्याच्या घशातून चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, टाके उसवले. ती हसत होती. कापूस सांभाळत, गाल धरून, डोळ्यांतून पाणी. तिने मला खुर्चीवरून ढकललं आणि शोधण्याच्या चौकटीत एकच शब्द टाइप केला.

ते आमच्या बाबांचं घरातलं नाव होतं. तिने लहानपणी ठेवलेलं, जे बाबा आमच्या घराच्या भिंतींबाहेर कोणाला कळू देत नाहीत.

सापडलं, एका ठिकाणी. पान दोनशे बारा.

मी मोठ्याने वाचलं. पहिलटकरणीचा नवरा हट्टाने प्रसूतीच्या खोलीत शिरला. 'मी खंबीर आहे' म्हणाला. बाळाचं डोकं दिसायच्या आतच तो आडवा झाला, तो थेट बादलीत बसला, आणि बादली काही सुटेना. बाहेरून त्याची बहीण टोपणनावाने हाका मारत होती. दोन वॉर्डबॉय त्याला ओढत असताना मुलगी झाली.

ती मुलगी म्हणजे मी.

"अगं बाई," मेट्रनबाई म्हणाल्या. "ती तू होय? बादली नवी होती हो."

तुम्हाला माहीत नाही हे केवढं घबाड आहे. दर वाढदिवसाला बाबा भाषण देतात. तू जन्मलीस तेव्हा मी कसा डोंगरासारखा उभा होतो, तुझ्या आईचा हात कसा सोडला नाही. आई अशा वेळी छताकडे बघते, ते का, हेही आता कळलं. नुसतं बोट आवरलं असतं तर हे नाव छापून आलं असतं. मला काहीच करावं लागलं नसतं. मी चक्क कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मेट्रनबाई म्हणाल्या. पिशवीचा पट्टा पुन्हा हातात घेतला.

मी टाइप केलं. बदला: 'एक नवखा बाप'. 'एका ठिकाणी बदल केला.' या एका आकड्याला टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

"आता शब्द दे," त्या म्हणाल्या. "यातलं एकही नाव तुझ्या तोंडून जायचं नाही."

दिला. पाळलाही आहे, मागे जाऊन शोधा हवं तर. बाबांचंही नाव कुठे नाही, आणि बाबा काय, घरोघरी असतात.

त्या पाच प्रतींचे तुकडे मी स्वतः हाताने केले, नव्या पाच छापल्या, आणि मेट्रनबाई त्या घेऊन गेल्या. आत्याने चिठ्ठी लिहून दिली: 'उद्यापासून "बाकी कशालाही" म्हणजे बाकी कशालाही.'

घरी आले तर बाबा फरशी पुसायला सज्ज, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"आलीस? जरा ती बादली आण गं."

मी बादली आणली. अगदी गंभीर चेहऱ्याने त्यांच्यासमोर ठेवली, आणि जपून दोन पावलं मागे ओढली.

"हे काय?"

"काही नाही, बाबा. तुम्ही खंबीर आहात ना, तेवढं पुरे."

आई छताकडे बघत होती.