उत्तराची जागा

आमच्या बँडचा अल्बम मुंबईत नाही, पुण्यात नाही, नागपुरातही नाही; राजुऱ्यात कुलदीपच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड झाला. भिंतींना गाद्या बांधल्या होत्या. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक आला की थांबायचं, गेला की पुन्हा सुरू करायचं. कुलदीप खाणीत इलेक्ट्रिशियन आहे, त्यामुळे वायरींचा कारभार त्याच्याकडे. गिटारही तोच वाजवतो. मी अश्वजित, घुग्घुसला सिमेंट कारखान्यात असतो आणि बँजो वाजवतो. वरातीतला बटणांचा नव्हे, पाच तारांचा, गोल पोटाचा. हे मला दर कार्यक्रमात सांगावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

आम्ही वाजवतो ते संगीत अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं. ब्लूग्रास म्हणतात त्याला. तिथेही कोळसा, जंगल आणि गाव सोडून गेलेली माणसं. आम्हाला ते परकं वाटलंच नाही. शब्द मात्र आमचे. ते गाते रीना, अहेरीकडच्या जंगलातल्या गोंड गावातली, आता राजुऱ्यात नर्स. लहानपणीच आश्रमशाळेत गेली, तिथून होस्टेल, तिथून नोकरी. गोंडी तिला समजते. बोलायला गेली की अडखळते.

अल्बममधलं शेवटचं गाणं तिच्या आईचं, सुकरीबाईंचं असावं, हा हट्ट रीनाचाच. आईला ती गोंडीत याया म्हणते. आईनं लेकीचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. "तिले माहं गाणं आवडो न आवडो, आमचा दोघींचा आवाज एका जागी पाह्यजे," असं ती म्हणायची. आम्हीही उत्साहानं हो म्हटलं.

सुकरीबाई आल्या, हेडफोन घालून ताठ बसल्या आणि रेला, म्हणजे गोंडांचं नाचताना म्हणायचं गाणं, गाऊ लागल्या. एक ओळ गायच्या आणि गप्प व्हायच्या. चांगल्या थांबायच्या, मग दुसरी ओळ. मला वाटलं, बाई विसरतात. त्या बाहेर गेल्यावर रीना म्हणाली, "मधल्या रिकाम्या जागा काढून टाक रे कुलदीप." त्यानं काढल्या. ओळीला ओळ जोडली, खाली माझा बँजो घातला. गाणं असं धावलं की मी स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ते बाईंना ऐकवलं. त्यांनी अर्ध्यातच हेडफोन काढला.

"हे मी नाई म्हटलं."

"आवाज तुमचाच हाय मावशी," कुलदीप म्हणाला.

"आवाज माहाच हाय. पण असं कोणी गाते का बाबू? विचारलं, अन् उत्तर आयकाच्या आधीच पळाली! हे नका टाकू तुमच्या अल्बममंदी."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रेल्यात बायांच्या दोन रांगा असतात. एक रांग विचारते, दुसरी उत्तर देते. हे गाणं माहेरी आलेल्या पोरीचं. कोणत्या वाटेनं आलीस, तिकडे काय खाल्लंस, असं गाव तिला विचारतं, आणि उत्तर तिनं तिथल्या तिथे जुळवायचं असतं. ते पाठ करून येता येत नाही. उत्तर येईस्तोवर विचारणारी पुढे सरकत नाही. म्हणजे सुकरीबाई विसरत नव्हत्या. त्या वाट बघत होत्या.

मी रीनाकडे पाहिलं. ती गादीची शिवण उसवत बसली होती.

"तुले मालूम होतं?"

"होतं." मग ती एकदम चिडली. "मंग काय करू? मले नाई येत उत्तर. चार शब्द नाई जुळवता येत यायाच्या भाषेत. लोक आयकतीन अन् हासतीन. काढून टाक म्हटलं तं काय चुकलं माहं?"

मला तिचा राग आला आणि तितकीच कीवही आली. परक्या डोंगरातल्या चाली या पोरीला तोंडपाठ, आणि आईला उत्तर द्यायची लाज! पण मी तरी कुठला शहाणा? त्या रिकाम्या जागा बुजवून वर मिरवत होतो.

सुकरीबाईंनी कुणाची समजूत घातली नाही. "राहू द्या मंग गाणं," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी आवरायला लागल्या. अहेरीच्या बसची वेळ होत आली होती. रीनानं पिशवीचा बंद धरला.

"बस ना, याया. एक डाव."

एकच माइक ठेवला. मायलेकी समोरासमोर बसल्या. बँजो मी भिंतीला टेकवला. सुकरीबाईंनी गोंडीत विचारलं, कोणत्या वाटेनं आलीस पोरी? आणि त्या वाट बघत राहिल्या. बाहेर ट्रक आला. कुलदीपनं रेकॉर्डिंग थांबवायला हात उचलला, तो मी धरला. ट्रक गेला आणि रीना अर्धं गोंडी, अर्धं मराठी गायली: वाट विसरली, बसनं आली. सुकरीबाई हसल्या नाहीत. त्यातला एक शब्द नीट करून तीच ओळ त्यांनी सुरात परत दिली, रीनानं ती पुन्हा म्हटली आणि मगच दुसरा प्रश्न आला. तिकडे काय खाल्लंस? होस्टेलची पाण्यासारखी डाळ, रीना गायली. इथे मात्र आईला हसू फुटलं, तेही रेकॉर्ड झालं.

शेवटचा प्रश्न सुकरीबाईंनी मराठीत घातला, बहुधा लेकीला पळवाट राहू नये म्हणून.

"घरी कवा येशीन?"

रीनाला सूर सापडेना. तिचे डोळे भरून आले आणि ती साधंच बोलली, "आजच येतो, याया. तुह्यासंगं."

"मंग गाऊन सांग ना," सुकरीबाई म्हणाल्या.

रीनानं गाऊन सांगितलं.