पंधरा नंबरची नळी

सव्वीस वर्षांच्या नोकरीत विलाइने पहिल्यांदाच एक चूक लेखी कबूल केली, आणि नेमकी तीच तिने केलेली नव्हती.

एरवी ती चुका करणाऱ्यांतली नव्हतीच. मेकाँगच्या थाई काठावरच्या त्या तालुक्याच्या इस्पितळात बेडके तपासायचं काम तिच्याकडे होतं. खोकणारी माणसं येत, झाकणाच्या डबीत थुंकून जात, आणि पुढे त्या डबीकडे घरचं माणूससुद्धा ढुंकून बघत नसे. विलाइ बघे. एका नळीचं झाकण लागल्याशिवाय दुसरीचं उघडायचं नाही, हे तिचं सोवळं इतकं कडक की नव्या मुली तिच्या पाठीमागे नाकं मुरडत.

पुढे दोन्ही काठांच्या डॉक्टरांनी मिळून एक काम काढलं. पलीकडे लाओस, अलीकडे आपण, मध्ये नदी. तर दोन्हीकडचे क्षयाचे जंतू एकाच घराण्यातले की वेगवेगळ्या, ते शोधायचं. विलाइने नळ्यांत जंतू वाढवायचे, राजधानीत त्यांच्या जनुकांचा ठसा काढायचा, आणि त्यावरून नकाशावर ठिपका द्यायचा. एका वाणाला निळा रंग, दुसऱ्याला लाल. वर्ष सरलं तेव्हा अलीकडचा काठ निळा आणि पलीकडचा लाल झाला होता. डॉक्टर विरोत, ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, ते तर नकाशा बघून मोहरून गेले.

"बघा विलाइताई, जंतूसुद्धा सीमा पाळतात," ते येईल त्याला सांगत सुटले.

आपल्याकडे कोण सीमा पाळतं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. दोन्ही काठांवर भाषा तीच, चिकट भात तोच, आणि दर मंगळवारी बाजाराच्या बोटीतून अर्धा पलीकडचा काठ अलीकडे उतरतो. पलीकडच्या डब्यासुद्धा बर्फाच्या पेटीतून त्याच बोटीने येत. पण सुंदर नकाशाला कोण खोडा घालणार? विलाइलाही तो आवडला होता. त्यातला एकेक ठिपका तिच्या हाताखालून गेला होता.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी चौदा नंबरच्या नळीत पलीकडच्या चानमाली नावाच्या बाईचा बेडका होता. पंधरा नंबरच्या नळीत अलीकडच्या थाविन मास्तरांचा. मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, एकटेच राहत. काचपट्टीवर त्यांच्या बेडक्यात काही दिसलं नाही, पण महिन्याभराने नळीत थोडे जंतू वाढले. नियमाप्रमाणे मास्तरांना औषधं सुरू झाली. गोळ्यांनी त्यांना मळमळे, लघवी नारिंगी होई, तरी ते घेत राहिले.

फेब्रुवारीत राजधानीहून ठसे आले. चौदा आणि पंधरा तंतोतंत सारखे, दोन्ही लाल. डॉक्टर विरोत विलाइच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"शेजारशेजारच्या नळ्या. एकीत भरमसाट जंतू, दुसरीत चिमूटभर. काचपट्टी स्वच्छ. काय वाटतं तुम्हाला?"

चौदातला थेंब पंधरात उडाला असणार, प्रयोगशाळेतली सरमिसळ, दुसरं काय? तिने मास्तरांचा अर्ज काढून बघितला. 'गेल्या दोन वर्षांत नदीपलीकडे गेला होता का?' या प्रश्नापुढे मास्तरांनी वळणदार अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. चानमालीच्या अर्जावर 'हो, बाजाराला' असं होतं, पण ते तर पलीकडच्या प्रत्येकाच्याच अर्जावर असे.

मास्तरांना पुन्हा बोलवावं, नवी डबी द्यावी, चार प्रश्न विचारावेत, असं तिच्या मनात येऊन गेलं. हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं, लपवलं नाही. पण त्या क्षणी तिला दुसरंच काही जास्त गरजेचं वाटलं. इतकी वर्षं सोवळं मिरवलं, आता चूक झाली तर ती छातीठोकपणे मान्य करायची. तिने त्या दुपारीच लिहून दिलं. मास्तरांची औषधं बंद झाली. वर तिने त्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: 'माझ्या हातून झालेल्या चुकीमुळे आपल्याला नाहक औषधं घ्यावी लागली. आपल्याला क्षयरोग नाही. मी आपली मनापासून क्षमा मागते.'

डॉक्टर विरोतांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. नाकं मुरडणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात विलाइला स्वतःचा फार अभिमान वाटला. पुढे नदीच्या दोन काठांवरच्या अशाच आणखी दोन जोड्या जुळल्या, तेव्हा कुणी डोकंसुद्धा खाजवलं नाही. सरमिसळ म्हणून त्या बाजूला काढल्या आणि नकाशा स्वच्छ राहिला.

ऑगस्टमध्ये मास्तरांना हातगाडीवरून इस्पितळात आणलं. डबी विलाइच्या टेबलावर आली, नाव वाचून तिने तीच आधी उघडली. काचपट्टीवर जिकडे बघावं तिकडे जंतू होते. ती वॉर्डात गेली. मास्तर उशीला टेकून धापा टाकत होते, तिला बघून हसले.

"तुम्हीच ना त्या पत्रवाल्या बाई? मी सगळ्यांना दाखवलं ते. सरकारी माणूस माफी मागतो म्हणजे काय. आता हे काहीतरी नवीनच लागलेलं दिसतंय."

विलाइला तेव्हा बोलता आलं असतं. ठसा अजून यायचा होता, खात्री नव्हती, असं तिने स्वतःला समजावलं आणि पाणी हवंय का एवढंच विचारून ती परतली. तेराव्या दिवशी मास्तर गेले. ऑक्टोबरात ठसा आला, तो पंधरा नंबरच्या नळीशी जुळला. थेंब कुठूनही उडाला नव्हता. तिच्या हातून त्या दिवशी काहीही चुकलं नव्हतं; चुकलं असं तिने लिहून दिलं, म्हणून माणूस गेला.

बाकीच्या दोन जोड्यांतल्या ज्या दोघांची औषधं अशीच थांबवली होती, त्यांना तिने दुसऱ्याच दिवशी बोलावणं धाडलं. एक ठणठणीत निघाला, एकीला औषधं सुरू झाली. मग ती मास्तरांच्या गल्लीत गेली. शेजारी शेवयांची गाडी लावणारी सीदा मावशी दाराशीच बसली होती.

"मावशी, मास्तरांकडे पलीकडचं कुणी येत होतं का?"

सीदा मावशीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आता विचारताय? चानमाली यायची की. दर मंगळवारी. बांबूचे कोंब विकून झाले की इथेच जेवायची. सहा वर्षं झाली असतील."

"कुणाला माहीत होतं हे?"

"कुणाला नव्हतं ते विचारा. बोटवाल्याला ठाऊक, भिख्खूंना ठाऊक, माझ्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक, तो मंगळवारी तिच्यासाठी घाटावर जाऊन बसायचा. तुमच्या इस्पितळालाच काय ते ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत म्हणे."

"मास्तरांनी अर्जात 'नाही' असं लिहिलं होतं."

"पलीकडे गेलात का, असंच विचारलं होतं ना? नव्हतेच गेले. त्यांना बोट लागायची. तीच यायची." मावशीने समोरच्या पातेल्यातला रस्सा ढवळता ढवळता पळी खाली ठेवली. "तपासून घ्या म्हणून तिनेच तर धाडलं होतं त्यांना. आणि तुमचं पत्र आलं तेव्हा दोघांनी मासा आणून खाल्ला."

डॉक्टर विरोतांच्या कानावर हे घातलं तेव्हा ते म्हणाले, "वाईट झालं. पण एका ठिपक्याने नकाशा बदलत नाही, विलाइताई."

"तीन ठिपके आहेत, डॉक्टर. आणि ते मीच पुसलेत. सीमा ओलांडणारा एकेक ठिपका सरमिसळ म्हणून काढला, मग नकाशा स्वच्छ दिसणारच."

त्यांनी नकाशा थांबवला, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण विलाइचं काम तेवढ्याने संपत नव्हतं. पलीकडच्या आरोग्य केंद्राच्या कागदांत तिला चानमालीचं नाव पुन्हा सापडलं होतं. सहा महिन्यांच्या गोळ्या संपवून बरी झालेली बाई सप्टेंबरात पुन्हा खोकू लागली, जंतू तोच, म्हणून शेरा होता: 'औषधं बुडवली. विश्वास ठेवू नये.' आता तिला रोज चालत केंद्रात जाऊन नर्सच्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळाव्या लागत होत्या. तोंड उघडून जीभ वर करून दाखवावी लागत होती.

मंगळवारी बोट रिकामी परत जाते, तिच्यात बसून विलाइ पलीकडे गेली. चानमाली खांबांवरच्या घराच्या ओसरीत कोंब सोलत बसली होती. पन्नाशीची, सडसडीत, तोंडाला फडकं बांधलेली. विलाइने आपण कोण ते सांगितलं. बोटीत तिने बरीच वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही धड आठवेना.

"मास्तरांना क्षय होता," ती म्हणाली. "डिसेंबरातच होता. तुमच्याकडून त्यांना लागला, त्यात तुमचा दोष नाही. औषधं चालू होती, ती मी बंद केली. तुम्ही बऱ्या झाल्यावरही जेवायला जात राहिलात, तेव्हा त्यांच्याकडून तुम्हाला परत लागला. माझं चुकलं. क्षमा मागायला आले."

चानमालीने सुरी खाली ठेवली. ती उठून आत गेली, परत आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद होता. विलाइने आपलं अक्षर ओळखलं.

"माफी तर तुम्ही मागे मागितलीत, ताई. त्यांना ती फार आवडली होती. मला वाचून दाखवली, मग ठेव म्हणाले तुझ्याकडे." तिने पिशवीवरून हात फिरवला. "त्यांचं काहीच नाही माझ्याकडे. चित्रं त्यांच्या भाच्याने नेली. मी कोण मागणार? हा एक कागद आहे, तर तोही तुमच्या हातचा."

विलाइला रडू आवरेना. चानमालीने तिला रडू दिलं, समजूत काढली नाही. कोंबाची साल एका बाजूला सारून तिने बसायला जागा तेवढी केली.

"तुमच्यासाठी मी काय करू?" शेवटी विलाइने विचारलं.

"मी गोळ्या बुडवल्या म्हणतात. गावात बायका माझ्याकडचे कोंब घेत नाहीत, खोटारडी म्हणतात. मी एकही गोळी बुडवली नाही. मला त्यांच्याकडे जायचं होतं, मी कशाला बुडवीन?" ती म्हणाली. "तेवढं लिहून द्या. शिक्का असेल तर शिक्का मारून."

शिक्का विलाइच्या झोळीत होता. विलाइने ओसरीतच कागद मांडीवर घेऊन लिहिलं: रुग्णाने सर्व गोळ्या नियमित घेतल्या. आजार पुन्हा झाला तो ज्या माणसाकडून, त्याची औषधं प्रयोगशाळेच्या सांगण्यावरून थांबवली गेली. चूक माझी. खाली नाव, हुद्दा, तारीख.

चानमालीने कागद घेतला आणि अक्षरावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला. मग तिने डोळे वर केले.

"या वेळी तरी चूक तुमचीच आहे ना?"

"हो," विलाइ म्हणाली. "या वेळी माझीच."

चानमालीने कागदाची घडी घातली, पिशवी उघडली आणि तो पहिल्या पत्रामागे सरकवला.